मशीन चालू, सर्व्हर चालू, मग अडलंय कुठे? दोन कॉम्प्युटरमधल्या केबलचा बिघाड असा शोधतात

६ सप्टेंबर २०२५ ला लाल समुद्रात जेद्दाजवळ समुद्रतळाच्या इंटरनेट केबल तुटल्या आणि त्याचा परिणाम भारतापर्यंत जाणवला. मायक्रोसॉफ्टने आपली अझ्युर ही क्लाउड सेवा मंदावल्याचं कळवलं, वाहिन्यांवर नकाशे झळकले, आणि जगाचा कारभार शेवटी तारांवरच चालतो हे पुन्हा एकदा सगळ्यांच्या बोलण्यात आलं.

सर्व्हर रूममध्ये रॅकच्या, म्हणजे मशीन बसवलेल्या लोखंडी सांगाड्याच्या पाठीमागे लोंबणाऱ्या सहा मीटरच्या केबलची बातमी मात्र कधी होत नाही. तिचा बिघाड आपल्यापर्यंत पोचतो तो वेगळ्याच नावाने. बँकेच्या खिडकीवर, कारखान्याच्या स्टोअरमध्ये, विम्याच्या ऑफिसात एवढंच ऐकू येतं: ‘सर्व्हर डाऊन आहे, जेवणानंतर या.’ आपण समजतो व्हायरस आला, कुणीतरी हॅक केलं, नाहीतर सॉफ्टवेअरच टुकार आहे. कधीकधी तसं असतंही. पण दोन्ही मशीन ठणठणीत, दोन्हींचे हिरवे दिवे लागलेले आणि तरी काम ठप्प, असं चित्र असेल तर माझी पहिली शंका मधल्या तारेवर जाते.

हा बिघाड शोधायची एक रीत आहे. ती समजायला इंजिनिअर असावं लागत नाही. उदाहरण म्हणून मी आयबीएमचं मिडरेंज मशीन आणि त्याला जोडलेला विंडोज सर्व्हर ही जोडी मुद्दाम घेतो, कारण केबलच्या बिघाडातले बहुतेक चकवे इथे एका जागी सापडतात.

मिडरेंज म्हणजे काय, आणि त्याला सर्व्हर कशाला जोडायचा?

टेबलावरचा कॉम्प्युटर एका टोकाला आणि मोठ्या बँकांचा मेनफ्रेम दुसऱ्या टोकाला. यांच्या मधल्या ताकदीचं मशीन म्हणजे मिडरेंज. या वर्गातलं सगळ्यात नावाजलेलं मशीन म्हणजे एएस/४००. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात रॉचेस्टर गावी ते घडलं आणि २१ जून १९८८ ला आयबीएमने ते जाहीर केलं. पुढे नावं बदलत गेली. २००० मध्ये ते आयसीरीज झालं, २००४ मध्ये आय५, २००६ मध्ये सिस्टिम आय, आणि २००८ पासून पॉवर सिस्टिम्स या मशीनवर चालणारी आयबीएम आय. त्यावर काम करणारी मंडळी आजही ‘एएस फोर हंड्रेड’च म्हणतात. मुंबई-पुण्याच्या आयटी कंपन्यांत या एकाच मशीनवर अख्खी नोकरी काढलेले लोक भेटतात.

या मशीनची ख्याती न थांबता चालण्याची. डेटाबेस ऑपरेटिंग सिस्टिमच्या आतच बसवलेला आहे, त्यामुळे हिशेब, साठा, बिलं अशी कामं ते वर्षानुवर्षं निमूटपणे करतं. अडचण यायची ती विंडोजवरच चालणाऱ्या प्रोग्रॅमची. त्यासाठी वेगळा सर्व्हर लागायचा. मग आयबीएमने तो सर्व्हर मिडरेंजलाच जोडायची सोय केली. आधी मशीनच्या आत बसणारं कार्ड आलं, आणि मग बाहेर उभ्या असलेल्या एक्ससीरीज या आयबीएमच्याच विंडोज चालवणाऱ्या सर्व्हरमध्ये बसवायचा इंटिग्रेटेड एक्ससीरीज अ‍ॅडॉप्टर. या अ‍ॅडॉप्टरमधून निघालेली केबल थेट मिडरेंजच्या पोटात जाते.

या जोडणीची खरी गोम डिस्कमध्ये आहे. असा जोडलेला सर्व्हर स्वतःच्या डिस्कवरून चालत नाही. त्याची सी ड्राइव्ह म्हणजे मिडरेंजच्या डिस्कवर राखून ठेवलेली जागा असते. विंडोजला वाटतं ही माझीच डिस्क आहे. प्रत्यक्षात तिच्यातलं प्रत्येक अक्षर त्या केबलवरून ये-जा करत असतं. सोय मोठी आहे, कारण दोन्हींचा बॅकअप एकाच ठिकाणी होतो आणि सर्व्हर जळाला तर तीच जागा दुसऱ्या सर्व्हरला जोडून देता येते. पण मग ही केबल सुटली तर काय होतं याचा विचार करा. नुसतं नेटवर्क गेलं तर सर्व्हर एकटा पडला असता, पण चालू राहिला असता. इथे त्याच्या पायाखालची डिस्कच निघून जाते. विंडोज निळा पडदा दाखवून बसतं किंवा जागच्या जागी गोठतं. आणि काय बिघडलं याची नोंद ते स्वतःच्या लॉगमध्ये करूही शकत नाही, कारण तो लॉग ज्या डिस्कवर लिहायचा ती केबलच्या पलीकडे राहिलेली असते.

म्हणून अशा वेळी विंडोजच्या पडद्यासमोर तासभर बसून फारसं काही हाती लागत नाही. पुरावा मिडरेंजकडे असतो.

मधे केबल एकच नसते

रॅकच्या मागे गेलं की केबलचं जाळं दिसतं. या जोडीपुरत्या त्यातल्या तीन ओळखायच्या.

पहिली एचएसएल, म्हणजे हाय स्पीड लिंक. डेटा हिच्यावरून जातो. तांब्याची असेल तर ३, ६ किंवा १५ मीटरची, आणि काचेच्या तंतूची, म्हणजे ऑप्टिकल असेल तर २५० मीटरपर्यंत. दुसरी एसपीसीएन, म्हणजे सिस्टिम पॉवर कंट्रोल नेटवर्क. हिच्यावरून डेटा जात नाही. कोणतं यंत्र सुरू करायचं, कोणतं बंद करायचं, कुणाचा वीजपुरवठा बरा आहे, एवढाच निरोप ती पोचवते. तिसरी आपली नेहमीची नेटवर्क केबल, जी ऑफिसातल्या लोकांना सर्व्हरपर्यंत आणते.

तिन्हींचे आजार वेगळे आणि लक्षणंही वेगळी. सर्व्हर चालू आहे, मिडरेंजवरून त्याची अवस्था व्यवस्थित दिसते, पण ऑफिसातल्या कुणालाच तो सापडत नाही, तर तिसरी केबल आणि तिच्या पुढचा स्विच, म्हणजे ऑफिसातल्या नेटवर्क केबल एकत्र जोडणारा डबा, बघा. मिडरेंजवरून ‘व्हॅरी ऑन’ केलं, म्हणजे सर्व्हर सुरू करायची आज्ञा दिली, आणि सर्व्हरचा पंखाही हलला नाही, तर दुसरी. आणि चालता चालता सर्व्हर अचानक निळा पडला, त्याच मिनिटाला मिडरेंजवर हार्डवेअरचा मेसेज आला, तर पहिली. ही विभागणी शंभर टक्के पक्की नाही, पण सुरुवात कुठून करायची हे ठरवायला पुरते. यातलं काहीच न पाहता जी केबल हाताला लागेल ती उपसणारे लोक असतात आणि त्यांच्यामुळे तासाभराचं काम दिवसावर जातं.

रिंग: आधार देणारी आणि फसवणारी

एचएसएलची जोडणी सरळ रेषेत नसते. मिडरेंजच्या एका पोर्टमधून, म्हणजे केबल खोचायच्या जागेतून, केबल निघते, पहिल्या यंत्रात शिरते, तिथून दुसऱ्यात, तिसऱ्यात, आणि शेवटच्या यंत्रातून परत मिडरेंजच्या दुसऱ्या पोर्टमध्ये येते. याला लूप म्हणतात. मी रिंग म्हणतो, चित्र लगेच डोळ्यापुढे येतं. या रिंगमध्ये जोडलेला सर्व्हर असतो, डिस्कची कपाटंही असू शकतात.

घाटमाथ्यावरच्या एखाद्या गावाला दोन रस्ते आहेत असं समजा. एक घाटातून चढणारा, दुसरा पठारावरून वळसा घालून येणारा. पावसाळ्यात दरड कोसळून घाट बंद झाला तरी दूध येतं, एसटी येते, थोडा उशीर होतो इतकंच. गावात कुणी फार तक्रार करत नाही. आठवड्याने ओढ्याला पूर येऊन वळशाचा रस्ताही जातो आणि गाव तुटतं. आता सगळे ओढ्यावरच्या पुलाला शिव्या देतात. पूल दोषी आहेच, पण दरड आठवडाभर तशीच पडून राहिली नसती तर पूल गेल्याचं कुणाला कळलंही नसतं.

रिंगचं हुबेहूब असंच आहे. एक दुवा तुटला की डेटा उलट्या बाजूने जायला लागतो. वापरणाऱ्याला काही कळत नाही, फार तर थोडं मंदावल्यासारखं वाटतं. मिडरेंज मात्र नोंद करतं आणि ऑपरेटरच्या मेसेजमध्ये एक ओळ टाकतं. रोज येणाऱ्या पन्नास मेसेजमध्ये ती ओळ बुडून जाते. मग कधीतरी दुसरा दुवा निखळतो आणि त्या दोन तुटक्या जागांच्या मधे जे जे आहे ते सगळं एका झटक्यात गायब होतं.

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला वाटते ती हीच: रिंग असलेल्या जोडणीत सर्व्हर आज बंद पडला असेल, तर आजचा बिघाड बहुधा दुसरा असतो. पहिला आधीच होऊन गेलेला असतो. आज निखळलेली केबल नीट बसवून ‘झालं काम’ म्हणत निघून गेलात, तर रिंग अजून तुटलेलीच आहे आणि सर्व्हर एका पायावर उभा आहे.

यातून दुसरा धोकाही निघतो, आणि तो जास्त वाईट. एक दुवा तुटलेला असताना तपासायला आलेल्या माणसाने ‘बघू तरी’ म्हणून एखादी चांगली केबल काढली, तर उरलेला एकमेव रस्ता त्याने स्वतःच्या हाताने बंद केला. तोपर्यंत सर्व्हर चालू होता. आता नाही.

हात लावण्याआधी वाचा

म्हणून जाणता इंजिनिअर आल्या आल्या रॅकच्या मागे जात नाही. तो कन्सोलसमोर, म्हणजे मिडरेंजला आज्ञा द्यायच्या पडद्यासमोर बसतो. फोनवर मदत करायची वेळ आली तर बोलणं साधारण असं चालतं:

‘सर, सर्व्हर गेलाय. केबल काढून परत लावू का?’

‘नको, दादा. आत्ता कशालाच हात लावू नका. आधी क्यू-सिस-ऑपर उघडा आणि मागचे मेसेज बघा. कालचे-परवाचेसुद्धा.’

‘सोमवारचा एक दिसतोय, एचएसएल असं काहीतरी आहे त्यात.’

‘तो आधी वाचून दाखवा. आजचा नंतर बघू.’

क्यू-सिस-ऑपर म्हणजे मिडरेंजवरची ऑपरेटरची मेसेजपेटी. हार्डवेअरच्या तक्रारींची सविस्तर नोंद त्याहून खोल असते, एसएसटी नावाच्या सेवा-साधनांच्या भागात, प्रॉडक्ट अ‍ॅक्टिव्हिटी लॉगमध्ये. तिथे प्रत्येक घटनेला वेळ आणि एक कोड असतो. बी६०० या अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडमध्ये शेवटचे आकडे ६९८५ असतील तर ती रिंगच्या अवस्थेविषयीची नोंद असते. कोड पाठ करायची गरज नाही. वेळा मात्र कागदावर उतरवून घ्यायच्या. कोणती घटना आधी आणि कोणती नंतर, यावर पुढचा सगळा तर्क उभा राहतो.

मग याच एसएसटीमधल्या हार्डवेअर सर्व्हिस मॅनेजरमध्ये एचएसएलच्या रिंगचं चित्र बघायचं. चित्र म्हणजे ओळींची यादी. प्रत्येक यंत्रासमोर दोन पोर्ट लिहिलेले असतात, लीडिंग आणि ट्रेलिंग, आणि दोन्हींसमोर त्यांची अवस्था. ‘ऑपरेशनल’ म्हणजे दुवा जिवंत, ‘फेल्ड’ म्हणजे मेलेला. मिडरेंजच्या लीडिंग पोर्टपासून निघायचं आणि एकेक यंत्र ओलांडत पुढे जायचं. जिथे पहिल्यांदा ‘फेल्ड’ दिसेल ती एक तुटकी जागा. मग मिडरेंजच्या ट्रेलिंग पोर्टपासून उलट्या दिशेने यायचं आणि पहिलं ‘फेल्ड’ शोधायचं. दोन्ही वाटा एकाच दुव्यापाशी आल्या तर बिघाड एक. वेगवेगळ्या ठिकाणी थांबल्या तर बिघाड दोन, आणि मधलं सगळं अंधारात.

इथे बारकाईने बघण्यासारखी एक गोष्ट आहे. दोन वाटा एकाच यंत्राच्या दोन बाजूंना थांबल्या, म्हणजे त्याच्या अलीकडचाही दुवा मेलेला आणि पलीकडचाही, तर एकाच वेळी दोन केबल गेल्या असं लगेच मानू नका. त्या यंत्राची वीज गेलेली असण्याची शक्यता कितीतरी जास्त. साफसफाईसाठी कुणीतरी प्लग काढला, यूपीएसच्या पट्टीवरचं बटण दाबलं गेलं, वीजपुरवठ्याचा मॉड्यूल गेला. नुसत्या यादीवरून एवढं कळतं, आणि तोपर्यंत एकाही केबलला हात लागलेला नसतो.

केबल बिघडते म्हणजे तिला नेमकं काय होतं?

लोकांच्या मनात तुटलेली तार असते. ती क्वचितच तुटते. बिघाड बहुतेक वेळा टोकाला असतो, जिथे केबल पोर्टमध्ये बसते.

तांब्याच्या एचएसएल केबलचं टोक रुंद असतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना हाताने पिळायचे स्क्रू असतात. टोक सरळ आत सरकवायचं आणि दोन्ही स्क्रू आलटून पालटून, थोडे थोडे, शेवटपर्यंत पिळायचे. एक पूर्ण पिळून मग दुसऱ्याकडे गेलात तर टोक तिरकं बसतं आणि एका बाजूच्या पिना अर्धवट टेकतात. यात वेळेचाही प्रश्न आहे. चालू मशीनवर पिना एकमेकींना पहिल्यांदा टेकल्यापासून साधारण ३० सेकंदांच्या आत स्क्रू पूर्ण आवळलेले असावे लागतात. कारण पिना टेकताच दोन्ही टोकांची यंत्रं एकमेकांशी बोलायला लागतात आणि कोणत्या वेगाने बोलायचं ते ठरवतात. तेवढ्यात टोक हलत असेल तर त्यांना दुवा डळमळीत वाटतो. मग दुवा एकतर मेलेला धरला जातो किंवा अर्ध्या वेगावर ठरतो. नंतर स्क्रू कितीही घट्ट केले तरी उपयोग नाही. केबल पूर्ण बाहेर काढून पुन्हा नव्याने लावावी लागते. ‘केबल घट्ट आहे, मी स्वतः बघितलं’ असं म्हणणारा माणूस खरं बोलत असतो आणि तरीही दोष त्याच केबलच्या बसण्यात असू शकतो, तो असा.

ऑप्टिकल केबलचा शत्रू धूळ. काचेच्या ज्या गाभ्यातून प्रकाश जातो तो मल्टिमोड प्रकारच्या तंतूत साधारण ५० मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो आणि लांब पल्ल्याच्या सिंगलमोडमध्ये ९ मायक्रॉनच्या आसपास. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. म्हणजे डोळ्यांना न दिसणारा एक कणही प्रकाशाची वाट अडवू शकतो. बोट लागलं तर तेलाचा थर बसतो. शर्टाला टोक पुसणारे लोक मी पाहिले आहेत. त्याने धूळ जात नाही, ती घासली जाते आणि काचेवर ओरखडा उठतो. यासाठी पेनासारखं दिसणारं साफ करायचं साधन मिळतं, ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबायचं की टोक पुसलं जातं. टोक भिंगाखाली बघा, साफ करा, पुन्हा बघा आणि मगच लावा. रबरी टोपी काढून ठेवली असेल तर तिच्या आतही धूळ असते हे विसरू नका. आणि चालू केबलच्या टोकात डोळा घालून ‘उजेड येतोय का’ हे कधीच बघू नका. तो प्रकाश बहुतेक वेळा डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

बाकी कारणं ओळखीची आहेत. केबल घट्ट वळणात दाबलेली. सरकत्या रॅकबरोबर ओढली जाणारी. दहा केबलच्या ओझ्याखाली टोक लटकलेलं. उंदराने कुरतडलेली. मुंबई, कोकण, गोव्यासारख्या किनारपट्टीवर दमट, खारी हवा धातूच्या पिनांवर गंज चढवते. सर्व्हर रूमचं दार सतत उघडं राहत असेल किंवा रात्री एसी बंद करायची पद्धत असेल तर त्याला वेग येतो.

यातली बरीच कारणं केबलला एका क्षणात मारत नाहीत, आणि हे समजून घेणं फार गरजेचं आहे. डेटाच्या प्रत्येक तुकड्यासोबत एक पडताळणीचा आकडा जातो. पलीकडे पोचल्यावर हिशेब जुळला नाही की तो तुकडा टाकून दिला जातो आणि पुन्हा मागवला जातो. आजारी केबलवर असे तुकडे वाढत जातात. आधी काम मंदावतं, मग अधूनमधून अडकतं, दुपारी उष्णता वाढली की जास्त, रात्री बरं. या अवस्थेत लोक सॉफ्टवेअरवाल्यांना फोन करतात. नेटवर्क केबल असेल तर स्विचवर त्या पोर्टच्या चुकांची मोजणी बघता येते. ती शून्य असण्यापेक्षा वाढतेय की स्थिर आहे हे जास्त बोलकं असतं. आत्ता आकडा लिहून घ्या, तासाभराने परत बघा.

एका वेळी एकच गोष्ट बदला

दुव्याचे भाग तीन: इकडचा पोर्ट, केबल, तिकडचा पोर्ट. दोष तिघांपैकी एकात आहे. केबल बदलली, त्याच झपाट्यात पोर्टही बदलला आणि वर रीस्टार्टही केलं, आणि चालू झालं. कशाने झालं? कुणालाच माहीत नाही. चांगली केबल कचऱ्यात गेली आणि आजारी पोर्ट मशीनमध्येच राहिला, असंही झालेलं असू शकतं.

म्हणून आधी दोन्ही टोकं नीट काढून परत बसवायची आणि रिंगची यादी पुन्हा बघायची. दुवा जिवंत झाला, वेगही पूर्ण दिसला, तर तिथेच थांबायचं आणि पुढचे काही दिवस लॉगवर नजर ठेवायची. नाही झाला, तर केबल बदलायची. पण खात्रीने चांगली असलेली केबल. कपाटात गुंडाळी करून ठेवलेली ‘स्पेअर’ केबल चांगली असतेच असं नाही. गेल्या खेपेला कुणीतरी काढलेली वाईट केबलच ती असू शकते. केबल बदलूनही फरक पडला नाही, तर प्रश्न पोर्टचा आणि कार्डचा. तिथून पुढे सीईचं, म्हणजे कंपनीच्या इंजिनिअरचं काम सुरू होतं. आणि रिंगमध्ये दुसरा बिघाड असेल तर त्या दुव्याची बारी वेगळी, पहिल्याचा निकाल लागल्यावर.

चालू सर्व्हर असताना यातलं काहीही करायचं झालं तर आधी एक खात्री: बाकीची रिंग सलग आहे ना. ती नसेल तर सर्व्हर रीतसर बंद करून मगच.

‘एवढा खटाटोप कशाला, केबल बदलून टाका की’

हा प्रश्न मला नेहमी येतो आणि विचारणाऱ्याचं चूक नाही. इमारतीतल्या साध्या नेटवर्क केबलला मीही तेच करतो. ती स्वस्त आहे, ती काढल्याने फक्त एकच माणूस दोन मिनिटं थांबतो. पण ज्या केबलच्या पलीकडे डिस्क आहे ती चुकीची काढली तर अर्धवट लिहिलेल्या फाइली मागे राहतात. केबल बदलायला दोन मिनिटं लागतात, त्या फाइली दुरुस्त करायला रात्र जाते.

‘मग रीस्टार्ट तरी करू’ हा दुसरा सल्ला. जोडलेल्या विंडोज सर्व्हरला तो कधीकधी लागू पडतो. मिडरेंजला मात्र सावकाश. रिंगमध्ये डिस्कचं कपाट असेल आणि त्याचा संपर्क तुटला, तर मशीनच्या पॅनेलवर ए६ ने सुरू होणारा आणि ०२५५ किंवा ०२६६ ने संपणारा कोड येतो आणि सगळं थांबतं. बघणाऱ्याला वाटतं मशीन हँग झालं. खरं तर ते वाट बघत असतं. डिस्कचा संपर्क परत आला तर जिथे थांबलं होतं तिथून ते पुढे सुरू होऊ शकतं, आणि तोवर न लिहिलेला डेटा त्याच्या मेमरीत शाबूत असतो. अशा वेळी घाईघाईत पॉवरचं बटण दाबणं म्हणजे तो डेटा स्वतः पुसून टाकणं. आधी त्या कपाटाची वीज आणि केबल बघा.

‘ही जुनी मशीन आता कोण वापरतं?’

एचएसएलवर सर्व्हर जोडायची पद्धत खरंच मागे पडली. २००६ मध्येच आयबीएमने आयस्कझीची सोय आणली, म्हणजे हीच डिस्क साध्या इथरनेट केबलवरून सर्व्हरला द्यायची. मिडरेंज स्वतः मात्र गेलेलं नाही. आयबीएम आयची ७.६ ही आवृत्ती एप्रिल २०२५ मध्ये आली.

आणि पद्धत बदलली तरी तर्क तोच राहिला. आजही सर्व्हर आणि त्याची डिस्क वेगवेगळ्या डब्यांत असतात, मधे केबल असते आणि एक गेली तर दुसरी हवी म्हणून दोन वाटा असतात. त्यातली एक वाट बंद पडली की सगळं व्यवस्थित चालू राहतं आणि लॉगमध्ये एक ओळ पडते. नव्या जोडण्यांमध्ये मला आणखी एक चूक दिसते. दोन वाटा म्हणून दोन केबल टाकलेल्या असतात, पण दोन्ही एकाच स्विचमध्ये जातात, किंवा स्विच दोन असतात आणि दोन्हींचे प्लग एकाच पट्टीत. कागदावर दोन वाटा, प्रत्यक्षात एकच.

तुमच्या ऑफिसात अशी जोडणी असेल तर सुट्टीच्या दिवशी, रीतसर परवानगी घेऊन आणि बॅकअप झाल्यावर, एक वाट मुद्दाम बंद करून बघा. काम चालू राहतं का, आणि त्याहून महत्त्वाचं, कुणाच्या फोनवर सूचना जाते का, हे तपासा. सूचना गेली नाही तर पहिला बिघाड होईल त्या दिवशी तो कुणालाच कळणार नाही. त्याच दिवशी दोन्ही टोकांना लेबल लावून घ्या: ही केबल कोणत्या यंत्राच्या कोणत्या पोर्टमधून निघते आणि कुठे जाते, बसवल्याची तारीख, आणि पूर्ण वेग किती दिसायला हवा. लेबल दोन्ही टोकांना, कारण रात्री अडीच वाजता रॅकच्या मागे उभा असलेला माणूस एकाच टोकापाशी असतो.